पोटातलं बिऱ्हाड

सरपंचबाईंनी ताट पुढे सरकवलं आणि स्वरदा निंभोरकरला नेहमीसारखं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताटात ज्वारीची गरम भाकरी, वांग्याचं भरीत, त्यावर कच्च्या तेलाची धार आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. सकाळपासून ती या गावातल्या अकरा विहिरींची पाणीपातळी मोजत उन्हात हिंडली होती. भूजल सर्वेक्षणाची ही नोकरी तिला मनापासून आवडायची. फक्त दुपारच्या जेवणाची वेळ तेवढी नको वाटायची.

"मी डबा आणलाय, काकू."

"डबा संध्याकाळी खा. आमच्या घरी येऊन डबा खाणार का?"

"मला चालत नाही हो."

"भरीत चालत नाही?" सरपंचबाईंनी भुवया वर केल्या. "काय होतं तुम्हाला?"

"मला काही होत नाही. माझ्या आईला होतं."

या वाक्यानं कुणालाच काही उलगडत नाही, हे गेल्या तीन वर्षांत स्वरदाला चांगलं कळलं होतं. तरी ते तोंडातून निघायचंच. सरपंचबाई ताट घेऊन आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. स्वरदानं डबा उघडला. दोन ब्रेड, त्यात गार ऑम्लेट. रात्री घरी गेल्यावर पाकिटातल्या मसाल्याच्या शेवया. काल तेच, उद्या तेच.

पहिला घास घेते न घेते तोच फोन वाजला.

"परवा दुपारी काय खाल्लंस?" कुमुदबाईंनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"आई, मी लोकांच्या घरी आहे."

"माझा अस्तरांक एक्काहत्तरवर आलाय. परवा अठ्ठ्याहत्तर होता. काय खाल्लंस ते सांग."

"काही नाही."

"खोटं नको बोलू माह्याशी." चिडल्या की कुमुदबाई थेट वऱ्हाडीवर यायच्या. "आंबट होतं काहीतरी. माह्या पोटाले समजते."

स्वरदानं डोळे मिटले. परवा एका म्हातारीनं आंबिलीचा पेला हातात दिला होता. नको म्हणता म्हणता ती रडकुंडीला आली, तेव्हा स्वरदानं चार घोट घेतले होते.

"चार घोट आंबील."

"वाटलंच मला," कुमुदबाई म्हणाल्या. चोर पकडल्याचं समाधान त्यांच्या आवाजात स्पष्ट होतं. फोन बंद झाला.

जगातली प्रत्येक आई मुलीला काय खाल्लंस म्हणून विचारते. पण स्वरदाच्या आईचा जीव खरोखरच त्या उत्तरावर टांगलेला होता, त्यामुळे स्वरदाला धड वैतागताही येत नसे. वैतागली की लाज वाटायची, आणि लाज वाटली की आणखी वैताग यायचा.

कुमुदबाईंनी अकोल्यात तीस वर्षं शिवणक्लास चालवला. साठाव्या वर्षी त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. एकुलत्या एक मुलीच्या मूळपेशी त्यांच्या शरीरात सोडल्या, नवं रक्त धरलं आणि कर्करोग हटला. पेढे वाटून झाले. मग खरं दुखणं सुरू झालं.

दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर त्याला परकं ठरवून हाकलू पाहतं. मूळपेशींच्या बाबतीत याच्या उलटही होतं. नव्या रक्तातल्या राखणदार पेशी आजूबाजूला बघतात, आपण कुणाच्या तरी अनोळखी घरात आलोय असं त्यांना वाटतं आणि त्या घरावरच तुटून पडतात. पाहुण्यानंच यजमानाला मारावं तसं. त्वचा, यकृत आणि आतडं ही त्यांची ठरलेली ठिकाणं, आणि त्यातलं आतड्याचं दुखणं सगळ्यांत वाईट.

प्रत्यारोपण केंद्राच्या डॉ. शहनाज देशमुख यांनी ते कुमुदबाईंना त्यांच्याच भाषेत समजावलं होतं.

"आतड्याला आतून अस्तर असतं. जाडी एका पेशीएवढी. पेशी एकमेकींना टाक्यांनी जोडलेल्या असतात. अन्नाचं सत्त्व आत येतं, जंतू बाहेर राहतात, ते त्या टाक्यांमुळे. तुमच्या मुलीच्या पेशींनी ते टाके उसवलेत. त्या भोकांतून जंतू आत शिरतात. जंतू दिसले की पेशी आणखी चवताळतात आणि आणखी उसवतात."

"म्हणजे साखळी टाका," अंथरुणाला खिळलेल्या कुमुदबाई पुटपुटल्या होत्या. "एक सुटला की सगळी शिवण जाते."

"अगदी तसंच."

"मग वरून दुसरी शिवण मारा की. गप्पा काय मारता?"

डॉ. शहनाज यांची दुसरी शिवण होती ती अशी. प्रत्येकाच्या आतड्यात अब्जावधी सूक्ष्मजीवांचं बिऱ्हाड असतं. आपल्या राखणदार पेशी लहानपणापासून त्या बिऱ्हाडातच वाढतात, त्यामुळे त्यातले आपले कोण हे त्यांना ठाऊक असतं. कुमुदबाईंचं बिऱ्हाड औषधांच्या माऱ्यात पार उठून गेलेलं होतं. स्वरदाच्या पेशी आल्या त्या एका ओसाड, पडक्या घरात. मग तिच्या पेशींमागोमाग तिचं बिऱ्हाडही तिथे नेऊन वसवलं तर? पेशींना ओळखीची तोंडं दिसतील आणि त्या निवतील. शिवाय हे सूक्ष्मजीव जे आम्ल बनवतात, त्यावर अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. टाके पुन्हा भरतील. डॉक्टरांनी या उपचाराला नाव दिलं होतं, घरओळख.

टाके भरलेही. कुमुदबाईंच्या पोटावर चिकटवलेली चकती अस्तराची स्थिती मोजायची आणि मनगटावर शंभरपैकी आकडा दाखवायची. तो अस्तरांक. साठाच्या खाली गेला की धोका. महिनाभरात तो एकोणीसवरून ऐंशीवर आला.

पण बिऱ्हाड परक्या घरात टिकेना. दर सोमवारी स्वरदानं केंद्रात जाऊन आपला नमुना द्यायचा, त्यातून तयार केलेल्या कॅप्सूल आठवडाभर आईनं घ्यायच्या. आणि जे मुलगी खाईल तेच आईनं खायचं, कारण सूक्ष्मजीव आपण खातो त्यावरच जगतात. कोणतं अन्न? तर मूळपेशी दिल्या त्या वेळी स्वरदा जे खात होती ते. त्या वेळी स्वरदा पुण्यात एका खोलीत एकटी राहायची. सकाळी चहा-खारी, दुपारी ब्रेड-ऑम्लेट, रात्री शेवया, रविवारी पावभाजी, आठवण झाली तर केळं.

"हे अन्न आहे का?" पहिल्या दिवशी शेवयांकडे बघत कुमुदबाई ओरडल्या होत्या. "हे खाऊ नकोस म्हणून दहा वर्षं घसा कोरडा केला मी!"

"चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, कुमुदताई," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "ओळखीचं की अनोळखी, एवढंच."

स्वरदा पुण्यातली नोकरी सोडून अकोल्याला आली. वर्षभरानं तिनं पुष्करशी लग्न केलं. तो महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा. लग्नाच्या पंगतीत सगळे जिलेबी खात होते, तेव्हा नवरी मुलगी आणि तिची आई समोरासमोर बसून ब्रेड-ऑम्लेट खात होत्या. ते फोटो पुष्करच्या आत्यानं अल्बममध्ये लावलेच नाहीत.

आंबिलीनंतर आठवडा गेला, तरी अस्तरांक वर येईना. चौसष्ट झाला. मग एकसष्ट. कुमुदबाईंचे फोन दिवसाला पाच-सहा यायला लागले. एका संध्याकाळी त्या न सांगता लेकीच्या घरी आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन कचऱ्याचा डबा उपसायला बसल्या.

"आई! काय चाललंय तुझं?"

"पेरूच्या बिया कुणाच्या?"

"माझ्या," पुष्कर दारातून म्हणाला. "मी खाल्ला. मला परवानगी आहे ना?"

कुमुदबाईंनी फडताळ उघडलं. तिथे आवळासुपारीचं पाकीट होतं. त्यांनी ते विजयी मुद्रेनं वर धरलं, उलटसुलट केलं. ते फोडलेलंच नव्हतं.

"आणलं. फोडलं नाही," स्वरदा किंचाळली. "आठ दिवस झाले, मला काहीतरी आंबट खावंसं वाटतंय आणि मी खात नाहीये! रोज त्या पाकिटाकडे बघते आणि फडताळ बंद करते! आता खावंसं वाटण्याचीही नोंद ठेवणार आहेस का?"

पाकीट कुमुदबाईंनी हळूच खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघी केंद्रात गेल्या. डॉ. शहनाज यांनी शेवटच्या तीन सोमवारचे नमुने पडद्यावर शेजारीशेजारी मांडले. स्वरदाचं बिऱ्हाड खरंच हलत होतं. काही नेहमीच्या जाती कमी होत होत्या, काही अचानक वाढल्या होत्या.

"आहार तर तोच आहे," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या. मग खुर्ची वळवून त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

स्वरदानं मनातल्या मनात दिवस मोजले.

"आई, तू जरा बाहेर थांबतेस?"

"काहून? पोट माझं बिघडलंय ना?"

चाचणीला दहा मिनिटं लागली. सहा आठवडे झाले होते. स्वरदाला स्वतःला कळायच्या आत तिच्या आईच्या आतड्याला कळलं होतं.

कुमुदबाईंचा चेहरा उजळला. अगदी क्षणभर. आणि मग त्यांची नजर मनगटावरच्या आकड्याकडे गेली. स्वरदानं दोन्ही पाहिलं.

"आपण हा बदल फार लवकर पकडला, कारण कुमुदताईंच्या आतल्या पेशी आपल्या यंत्रांपेक्षा नाजूक आहेत," डॉक्टर सांगू लागल्या. "बाळ अर्धं परकं असतं. ते ठेवून घेण्यासाठी आईचं शरीर स्वतःला बदलतं. संप्रेरकं बदलतात, पचन बदलतं, सूक्ष्मजीव बदलतात. दर महिन्याला हे वाढत जाणार. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर स्वरदाच्या कॅप्सूल कुमुदताईंना चालणार नाहीत. त्यांच्या पेशी तीन वर्षांपूर्वीच्या स्वरदाला ओळखतात, या स्वरदाला नाही."

"जुना साठा असेल ना?"

"गोठवलेला आहे. नऊ आठवड्यांचा." डॉक्टरांनी चष्मा काढला. त्याही वैतागल्या होत्या. "करारात लिहिलंय, स्वरदा. मूल हवं असेल तर वर्षभर आधी कळवायचं. आपण साठा केला असता."

"मूल व्हायला मी अर्ज करायचा होता?"

"हो. तसंच लिहिलंय. मीच लिहिलंय."

तो करार आईची शुद्ध हरपत असताना स्वरदानं न वाचता सह्या करून दिला होता. वाचला असता तरी तिनं सहीच केली असती.

"नऊ आठवड्यांनंतर काय?"

"एकच मार्ग. सुटवणूक. आम्ही कॅप्सूल हळूहळू कमी करतो, पेशींना औषधांनी गुंगवतो आणि तेवढ्यात अनोळखी माणसांचं मिश्र बिऱ्हाड आत वसवतो. पेशींनी ते स्वीकारलं तर तुम्ही दोघी एकमेकींपासून मोकळ्या."

"आणि नाही स्वीकारलं तर?" कुमुदबाईंनी विचारलं.

"अशा दर तीन रुग्णांपैकी एक जातो," डॉक्टर म्हणाल्या.

आणखी एक मार्ग होता. तो कुणी बोलून दाखवला नाही.

त्यानंतर चार दिवस कुमुदबाईंचा एकही फोन आला नाही. तीन वर्षं ज्या फोननं जीव नकोसा केला होता, तो वाजत नाही म्हणून स्वरदा घरभर येरझाऱ्या घालत राहिली. पुष्करनं तिचा हात धरून सांगितलं, "तू ठरवशील ते मला मान्य आहे."

"तू ठरव म्हणणं ही मदत नाही, पुष्कर. ते अंग काढून घेणं आहे."

"मग मी काय म्हणू?"

"मला काय माहीत!" ती ओरडली आणि मग तिला रडू आलं.

पाचव्या दिवशी ती आईकडे गेली. कुमुदबाई मशीनवर बसून आपलंच पोलकं आत घेत होत्या. वजन पुन्हा उतरायला लागलं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"बस. आणि मधे बोलू नको. मले जगाचं हाय, स्वरदा. जगायचंय मला." मशीन थांबलं. "लाज वाटते सांगायची. चार दिवस स्वतःला शिव्या दिल्या, पण वाटतं ते वाटतंच. आणि मी काय केलं तेही माझ्याच तोंडून ऐक. परवा डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, अजून किती आठवड्यांपर्यंत करता येतं म्हणून. काय ते मी बोलले नाही. त्यांना कळलं. मग मीच फोन ठेवला."

स्वरदाला राग यायला हवा होता. आला नाही.

"मीही मोजलं, आई."

"काय?"

"तुझं वय. तीन वर्षं जास्तीची मिळाली, असंही मनात आलं."

"त्रेसष्ट," कुमुदबाई म्हणाल्या. "नीट मोजलंस ना?"

"नीट मोजलं."

"बरं झालं. फिटंफाट." त्यांनी पोलक्याचा दोरा दातानं तोडला. "सुटवणूक सुरू करा म्हणून मी सकाळीच कळवलंय. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मला तेच ऐकायचं होतं."

सुटवणूक वाईट गेली. सातव्या आठवड्यात अस्तरांक चव्वेचाळीसवर आला, मग एकतीस, मग बावीस. शौचातून रक्त जायला लागलं. कुमुदबाई सात आठवडे केंद्रातल्या काचेच्या खोलीत होत्या. तोंडानं पाणीसुद्धा बंद, सगळं शिरेतून. स्वरदा पोटावर हात ठेवून काचेबाहेर बसायची. आत तिच्या आईला जे उसवत होतं, ते रक्त तिचंच होतं. एका दुपारी ती काचेवर कपाळ टेकून त्या पेशींना शिव्या घालत होती, तेव्हा डॉ. शहनाज मागे येऊन उभ्या राहिल्या.

"त्यांना राग नसतो, स्वरदा. फक्त ओळख नसते."

"परिणाम सारखाच ना?"

एक खुर्ची ओढून डॉक्टरही बसल्या.

त्या खोलीतल्या तेविसाव्या दिवशी आकडा उतरायचा थांबला. आणखी दोन आठवड्यांनी तो चढू लागला. चौदा अनोळखी माणसांचं बिऱ्हाड कुमुदबाईंच्या पोटात कसंबसं टेकलं. आकडा सत्तेचाळीसवर येऊन अडला. त्यापुढे जाईना. घरी सोडलं तेव्हा कुमुदबाई काठी टेकत चालत होत्या, दर आठवड्याला एक दिवस सलाइनला जावं लागत होतं. पण त्या जिवंत होत्या, आणि वरणभात खात होत्या. स्वरदानं वाट्टेल ते खाल्लं. पहिले काही दिवस तिला काय खावं तेच सुचेना.

चैत्रात मुलगी झाली. ठणठणीत. कुमुदबाईंनी तिला मांडीवर घेतलं ते तासभर सोडलं नाही.

मुलगी साडेपाच महिन्यांची झाली, तेव्हा डॉ. शहनाज यांनी तिघींना बोलावून घेतलं. आता प्रत्येक तान्ह्या बाळाच्या बिऱ्हाडाची तपासणी होत असे. बाळाचं पहिलं बिऱ्हाड आईकडून येतं, जन्मताना आणि मग दुधावाटे. तपासणीचा कागद पालकांना द्यायचा, असा नियम होता. डॉक्टरांनी तो टेबलावर ठेवला.

"मला हा द्यावाच लागतो," त्या म्हणाल्या. त्यांना तो द्यायचा नव्हता, हे दिसत होतं. "बाळाचं बिऱ्हाड कुणाच्या पेशींना ओळखीचं वाटेल, ते यात असतं. कुमुदताई, तुमच्या अंगात स्वरदाच्या पेशी आहेत. जुळणी शंभरात एक्क्याण्णव. स्वरदाचं आजचं बिऱ्हाड एवढं जुळत नाही, तिचं खाणं बदललंय. दर आठवड्याला थोडासा नमुना मिळाला, तर तुमचा अस्तरांक सत्तरच्या पुढे जाईल. सलाइन बंद होईल. बाळाला त्रास काहीच नाही."

"फक्त?" कुमुदबाईंनी विचारलं.

"फक्त तिचा आहार ठरवून द्यावा लागेल. वरचं अन्न सुरू व्हायच्या आत. उष्टावण झालं की बिऱ्हाड बदलायला लागतं."

"पुढच्या गुरुवारी उष्टावण आहे," कुमुदबाई म्हणाल्या. त्या काठी टेकून उठल्या, नातीला त्यांनी स्वरदाच्या मांडीवरून उचललं आणि खांद्याला लावलं. उठण्याच्या श्रमानंच त्यांना धाप लागली होती. "फाड तो कागद."

"फाडते."

"आत्ता फाड."

"हो म्हटलं ना, आई."

कुमुदबाई बाळाला घेऊन बाहेर गेल्या. काठीचा आवाज व्हरांड्यात लांब लांब जात राहिला. स्वरदानं कागद हातात घेतला. फाडण्यासाठी मधोमध धरला, तेव्हा तिला खालची ओळ दिसली. कुमुदबाईंच्या नावाखाली दुसरं नाव होतं. स्वरदा निंभोरकर, जुळणी शंभरात त्र्याण्णव.

"हे काय?"

"ते तुमचं," डॉक्टर म्हणाल्या. "पुढेमागे तुम्हाला असा काही आजार झाला तर. नियमानुसार सगळ्यांची नावं येतात. तुम्हाला आज काही झालेलं नाही."

स्वरदा तेहतीस वर्षांची होती. तिला खरंच काही झालेलं नव्हतं. बाहेर बाळ हसत होतं, आणि कुमुदबाई त्याला काहीतरी वऱ्हाडीतून सांगत होत्या.

तिनं कागदाची चौघडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

"डॉक्टर," आवाज खाली आणून स्वरदानं विचारलं, "उष्टावण किती दिवस पुढे ढकललं तर चालतं?"